एक ओळही बदललेली नाही

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. स्वातीला, म्हणजे माझ्या बायकोलाही नाही. एकदा सुरुवात केली होती. रविवार होता, ती मेथी निवडत बसली होती. मी म्हणालो, "तुला एक सांगायचंय." तिनं मान वर केली. आणि मी सांगितलं की गॅसचा नंबर लावायचा राहिलाय. ती म्हणाली, "मग लाव की." मी लावला. चार वर्षांत माझी मजल तेवढीच गेली.

तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा बदलताना बघायची माझी तयारी नाही — हे खरं कारण असेल.

मी प्रोग्रॅम लिहितो. लोकांना वाटतात तसले नाही, मोबाइलवर दिसणारे. माझा प्रोग्रॅम कोणाला दिसत नाही. तो एका लोखंडी पेटीत बसतो आणि ती पेटी प्रेस मशीनच्या अंगाला लावलेली असते. चाकणच्या कुठल्याही शेडवरून जाताना धप्प धप्प असा आवाज येतो ना, ती प्रेस. खाली पत्रा ठेवायचा, बटण दाबायचं, वरून जड साचा खाली येतो आणि पत्र्याचा ब्रॅकेट होतो. गाडीत कुठंतरी, कोणाला न दिसणाऱ्या जागी तो बसतो.

पत्रा ठेवायला माणसाचा हात त्या साच्याखाली जातो. दर खेपेला जातो. म्हणून मशीनच्या तोंडाशी, दोन खांबांच्या मध्ये, उजेडाचा एक पडदा असतो. डोळ्यांना दिसत नाही. हात तो पडदा तोडून आत गेला की सेन्सर आमच्या पेटीला कळवतो, आणि पेटी साचा खाली येऊ देत नाही. ही पेटी भोसरीतली आमची छोटी कंपनी बनवते, आणि पेटीतला प्रोग्रॅम माझा. सुरुवातीपासून माझाच.

नऊ वर्षं तो एका जुन्या प्रोसेसरवर बिनबोभाट चालला. मग करोनानंतर चिपा मिळेनाशा झाल्या. ऑर्डरी पडून, माल नाही. आमचे मालक मोरे साहेब स्वतः मुंबई-बंगळुरूला फोन लावत बसायचे. शेवटी ठरलं की दुसऱ्याच जातीचा, सहज मिळणारा प्रोसेसर घ्यायचा. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "प्रोग्रॅम परत लिहावा लागेल का?"

मी हसलो. म्हणालो, "साहेब, सी भाषेत लिहिलंय. नव्या कंपायलरमधून काढायचा फक्त. कुठंही चालेल."

असं म्हणायचा मला अधिकार आहे असं तेव्हा सगळ्यांना वाटायचं. मलाही. ताथवड्याच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात वर्षातून एकदा मी नेमक्या याच विषयावर बोलायला जायचो — कुठल्याही प्रोसेसरवर सारखाच वागेल असा कोड कसा लिहावा. मुलं वहीत उतरवून घ्यायची. आणि माझ्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये काय होतं?

थोडं समजावून सांगतो, त्याशिवाय माझं पाप तुम्हाला नीट दिसणार नाही.

सेन्सरकडून माझ्या प्रोग्रॅमला तीनच उत्तरं यायची. एक म्हणजे रस्ता मोकळा. शून्य म्हणजे मध्ये काहीतरी आहे. आणि उणे एक म्हणजे सेन्सर बोलतच नाही — केबल तुटली असेल, निघाली असेल. शून्य आलं किंवा उणे काही आलं की थांबायचं. दुसरं काहीही आलं की चालायचं. हे उत्तर मी ज्या डब्यात ठेवत होतो तो त्या भाषेतला सगळ्यात लहान डबा. आम्ही त्याला कॅर म्हणतो, कोणी चार म्हणतं. त्या डब्यात उणे आकडा मावतो की नाही, हे भाषेनं ठरवलेलंच नाही. ते प्रोसेसर आणि त्याच्या कंपायलरवर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम त्या प्रोसेसरच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, सोडलंय. जुन्यावर मावायचा. नव्यावर मावत नाही. तिथं उणे एक ठेवलं की बाहेर येताना ते दोनशे पंचावन्न होऊन येतं. दोनशे पंचावन्न म्हणजे शून्य नाही, उणेही नाही. म्हणजे प्रोग्रॅमच्या लेखी — चला, रस्ता मोकळा.

सेन्सरची केबल निघाली की जुनी पेटी मशीन थांबवायची. नवी पेटी समजायची की आत कोणाचा हात नाही.

'यात उणे आकडे येतील' एवढं सांगणारा एक शब्द मी त्या डब्यापुढे लिहिला असता तर तो कुठल्याही प्रोसेसरवर सारखा वागला असता. एक शब्द. कॉलेजातल्या मुलांना मी तो पहिल्या पंधरा मिनिटांत सांगायचो.

कंपायलरनं मला सांगितलंही होतं. प्रोग्रॅम नव्या प्रोसेसरसाठी काढताना त्यानं इशारा दिला की 'आकडा उणे आहे का' ही तुलना इथं कधीच खरी ठरणार नाही, एकदा पाहा. पण तसले इशारे दोनशेच्या वर होते. जुना कोड, जुन्या सवयी. पहिले दहा-बारा वाचले, सगळे फालतू निघाले, आणि मग मी सगळेच इशारे बंद करून टाकले. स्क्रीन स्वच्छ झाली. बरं वाटलं.

हेही तुम्ही माफ कराल कदाचित. घाई असते, होतं. पण पुढे तपासणीची यादी होती, मीच बनवलेली. पडद्यात हात घालून पाहणे — पाहिलं, मशीन थांबली. पडद्यात काठी धरून पाहणे — थांबली. सेन्सरची केबल काढून पाहणे — इथं मी केबल काढली नाही. बरोबरची खूण केली आणि पुढच्या ओळीवर गेलो. नऊ वर्षं दर पेटीला काढून पाहिली होती, दर वेळी थांबली होती, प्रोग्रॅम तोच होता. कशाला?

खाली माझी सही आहे. ती यादी अजून फाइलला आहे.

शोभाताई महाळुंग्याच्या पुढे एका कारखान्यात प्रेसवर होत्या. मूळच्या परभणीकडच्या. नवरा टेम्पो चालवायचा, दोन लेकरं. सहा वर्षं त्या मशीन चालवत होत्या आणि त्यांच्या लाइनवर त्यांचा हात सगळ्यांत सफाईचा होता, हे मला तिथल्या सुपरवायझरनंच सांगितलं होतं, अपघाताच्या आधी. आमची नवी पेटी लावायला मी गेलो तेव्हा मी त्यांना पाहिलं होतं. त्यांनी विचारलं होतं, "ही जुन्यावानीच चालती ना साहेब?" मी म्हणालो, "अगदी तशीच."

तीन महिन्यांनी, पहिल्या शिफ्टला, अकराच्या सुमारास, त्यांनी अडकलेला तुकडा काढायला हात आत घातला, घाईत दुसरा हात बटणावर पडला आणि साचा खाली आला. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

पुढचं मला सरळ लिहिता येत नाहीये. दोनदा खोडलं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी कारखान्यात गेलो. मशीन बंद करून भोवती पट्टी बांधली होती. जमीन धुतलेली होती. सेन्सरची केबल सॉकेटमधून अर्धी बाहेर आलेली — प्रेसच्या हादऱ्यानं येते कधीकधी, म्हणूनच तर तो उणे एक. सुपरवायझर म्हणाला, "धावपळीत कोणाचा तरी पाय लागला असेल."

शुक्रवारी चौकशी झाली. कारखान्याचे मॅनेजर, त्यांचे सेफ्टी ऑफिसर, मोरे साहेब आणि मी. शोभाताईंना दवाखान्यातून रिक्षानं आणलं होतं, हात खांद्यापर्यंत गुंडाळलेला, चेहरा पांढराफटक. त्या खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या होत्या. सेफ्टी ऑफिसरनं विचारलं, हात समोरून घातला की बाजूनं? बाजूनं, म्हणजे खांबाच्या मागच्या फटीतून, जिथं पडदा पोचत नाही. लोक घालतात तसा, घाई असली की.

"म्या समोरूनच घातला व्हता," त्या म्हणाल्या. "सहा वर्सं समोरूनच घालतीय."

"समोरून घातला तर मशीन थांबते, ताई."

"न्हाई थांबली."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सेफ्टी ऑफिसर चांगला माणूस होता, त्यानं नेमका प्रश्न विचारला. "समजा केबल आधीच निघालेली असेल, तर?"

मी म्हणालो, "तरी थांबते. नऊ वर्षं हाच प्रोग्रॅम चाललाय, सर. नव्या पेटीतही तोच आहे. एक ओळही बदललेली नाही."

यातला शब्दन् शब्द खरा होता, पहिले दोन सोडून. खरंच एक ओळही बदललेली नव्हती. सगळा घोटाळा तोच तर होता. आणि तेव्हा मला ते अजून माहीत नव्हतं.

— नाही. वरचं शेवटचं वाक्य खोटं आहे. खोडणार नव्हतो, पण मग हे लिहायचं कशाला? इतकी वर्षं मी स्वतःलाही ते वाक्य असंच ऐकवत आलोय.

मला माहीत होतं. बुधवारी कारखान्यातून मी थेट भोसरीला आलो होतो. ऑफिसात सगळे जेवायला खाली गेले होते. मी टेबलावर एक नवी पेटी मांडली, सेन्सर जोडला, साच्याच्या जागी एक दिवा लावला. दिवा लागला म्हणजे साचा खाली येणार. पडद्यात हात घातला, बटण दाबलं — दिवा लागला नाही. हात काढला. मग केबल उपटली आणि पुन्हा बटण दाबलं.

दिवा लागला.

मी परत दाबलं. परत लागला. किती वेळा दाबलं ते आठवत नाही. जिन्यावर पावलं वाजली तशी मी केबल लावून टाकली आणि सगळं कपाटात ठेवलं. मोरे साहेबांनी आत येत विचारलं, "पाहिलंस का? आपल्या बाजूनं काही?"

"काही नाही, साहेब."

"नक्की ना?"

"नक्की."

म्हणजे शुक्रवारी मी त्या खोलीत बसलो तेव्हा मला दोन दिवस माहीत होतं. शोभाताई "न्हाई थांबली" म्हणाल्या तेव्हा त्या खोलीत एकट्या मलाच ठाऊक होतं की त्या खरं बोलतायत. माझ्याइतकं खात्रीनं तर त्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

का केलं? कारणं काढायला बसलो तर निघतील. मी काढली आहेत, भरपूर. ती इथं लिहीत नाही.

अहवालात लिहिलं गेलं, कामगारानं बाजूनं हात घातला. शोभाताईंनी त्याखाली डाव्या हाताचा अंगठा दिला. त्यांना लिहिता येत होतं. पण सही उजव्या हाताची होती.

त्यानंतर अकरा दिवसांत मी प्रत्येक पेटीत तो एक शब्द घातला. चाकण, मोशी, कुदळवाडी, जिथं जिथं नव्या पेट्या गेल्या होत्या तिथं लॅपटॉप घेऊन स्वतः गेलो. सगळीकडे सांगितलं, स्क्रीनवरचे मराठी शब्द सुधारलेत. नोंदीत लिहिलं, डिस्प्लेत किरकोळ दुरुस्ती. मोरे साहेब खूश झाले, म्हणाले, स्वतः जाऊन इतकं करणारा माणूस मिळत नाही. हे माझ्या चांगुलपणाच्या खात्यात धरू नका. ते मी गुपचूप करू शकलो कारण मला काय झालंय ते पुरतं माहीत होतं. आणि त्या अकरा दिवसांत, शेवटच्या कारखान्यापर्यंत मी पोचेतो, आणखी कोणाची केबल निघाली असती तर? एका फोनवर सगळ्या मशीन थांबवता आल्या असत्या. फोन केला तर कारण सांगावं लागलं असतं.

शोभाताईंना प्रेसवरून काढून पॅकिंगला घातलं. कारखान्यानं दाराशी एक फलक लावला. त्यावर बाजूनं आत जाणारा हात आणि लाल फुली. त्यांचं नाव नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. सुपरवायझर नव्या बायकांना सांगताना पॅकिंगकडे बोट दाखवायचा, असं मी स्वतः एकदा पाहिलं. नंतर मी त्या कारखान्यात जायचं टाळलं, दुसऱ्याला पाठवायचो.

आणि आणखी एक गोष्ट. कॉलेजात मी अजूनही जातो. आता त्या लेक्चरमध्ये एक उदाहरण वाढलंय. "एका कंपनीत असं झालं होतं," असं म्हणून मी हाच किस्सा मुलांना सांगतो. डबा, उणे एक, दोनशे पंचावन्न. मुलं एकदम गप्प होऊन ऐकतात. एका मुलीनं विचारलं, "सर, मग त्या प्रोग्रॅमरचं काय झालं?" मी म्हणालो, "माहीत नाही." सगळे हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

आता गेल्या महिन्यातलं.

चाकणच्या एका मोठ्या कारखान्यात सुरक्षा सप्ताह होता. आमची पेटी त्यांच्याकडे असते म्हणून मला बोलावलं होतं, पुढच्या रांगेत बसवलं. फेटे, दीपप्रज्वलन, शपथ. मग सूत्रसंचालन करणारे गृहस्थ म्हणाले, आता आपल्याशी बोलायला एक ताई आल्या आहेत, स्वतःच्या अनुभवातून. आणि शोभाताई स्टेजवर आल्या.

हिरवी साडी, केस नीट बांधलेले. त्यांनी उजवा हात वर करून सगळ्यांना दाखवला, जराही न लाजता. हॉलमध्ये दोनेकशे बायका असतील, प्रेसवरच्याच. बोलणं सरावाचं होतं, अशा पुष्कळ ठिकाणी त्या बोलल्या असणार. म्हणाल्या, मशीनची काही चूक नसते, चूक आपली असते. त्या दिवशी तुकडा अडकला, मला घाई झाली, आणि मी बाजूनं हात घातला. समोरून घातला असता तर मशीन थांबली असती. तुम्ही घालू नका गं बायांनो.

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. सगळे वाजवत होते.

नंतर चहाला त्या स्वतःच माझ्यापाशी आल्या. डाव्या हातात कप.

"तुम्ही त्या चौकशीला व्हता ना साहेब? पेटीवाले?"

मी मान हलवली.

"लई दिवस मला वाटायचं का म्या समोरूनच घातला," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "भांडायची मी घरी. मालक म्हणायचे, सोड आता. पर सगळ्यांनी सांगितलं, तुम्ही बी सांगितलं मशीन बरोबर व्हती. मग हळूहळू आठवायला लागलं. फटीतून घातलेला हातच दिसतो आता डोळ्यापुढं. माणूस भेदरतं तवा ध्यान राहत न्हाई, न्हाई का?"

मी काय बोललो असेन असं तुम्हाला वाटतं? आजूबाजूला माणसं होती, पण दूर होती. त्यांच्या मागे भिंत, माझ्या मागे दार. कोणी ऐकत नव्हतं. चार वर्षांत यापेक्षा सोपी वेळ मला मिळाली नव्हती.

"बरं झालं तुम्ही खरं ते सांगितलं," त्या म्हणाल्या. "न्हाईतर जलमभर मशीनला शिव्या देत बसले असते. व्हय का न्हाई?"

मी म्हणालो, "हो."

त्या हसल्या. कप ठेवला, पदर सावरला. त्यांना दुपारी दुसऱ्या एका कारखान्यात बोलायचं होतं, गाडी येऊन थांबली होती. जाताना त्यांनी डाव्या हातानंच नमस्कार केला, मी दोन्ही हातांनी केला.

त्या अजून बोलतात. परवा एका ओळखीच्या सुपरवायझरनं त्यांचा व्हिडिओ पाठवला, 'जरूर पाहा' म्हणून. मी पूर्ण पाहिला. त्या समोरच्या बायकांना सांगत होत्या की चूक माझी होती, आणि बायका माना डोलवत होत्या.